सरळ केलेली कमान

दिनांक ११ मार्च रोजी पाणीपुरवठा केंद्राच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. केंद्राच्या ट्रॅक्टरवरील सुरक्षा-कमान यंत्राने कापून तिची जाणूनबुजून नासधूस केल्याबद्दल मुख्य ट्रॅक्टरचालकास वाहनावरून उतरवण्यात येत असून, पुढील आदेशापर्यंत त्याने हातयंत्राने गवत कापण्याचे काम करावे, असा त्याचा मजकूर होता. खाली सही, सहीखाली शिक्का. या मजकुरातला एकही शब्द खोटा नाही. कमान त्यांनीच कापली, जाणूनबुजून कापली आणि दिवसाढवळ्या कापली. तक्रार आहे ती कागदावर जे आले नाही त्याबद्दल. त्या कमानीच्या बाबतीत या गृहस्थांच्या हातून एक चूक झाली आणि तिच्यापायी एक लबाडीही झाली. चुकीबद्दल त्यांची पाठ थोपटली गेली. लबाडीबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही. आणि शेवटी शुद्धीवर येऊन त्यांनी जे केले, त्याची मात्र शिक्षा झाली. हा न्याय उफराटा आहे, म्हणून घडले ते मुळापासून नोंदवणे भाग आहे.

केंद्रात त्यांना सगळे मामा म्हणतात. पूर्वी म्हणत नसत. पूर्वी ते नुसते ड्रायव्हर होते. त्यांची भाची मदतनीस चालक म्हणून कामाला लागली आणि पहिल्याच दिवशी तिने पंपघरापासून फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात "मामा" म्हणून हाक मारली, तेव्हापासून पर्यवेक्षकांपासून पहारेकऱ्यापर्यंत साऱ्यांचे ते मामा झाले. "एक भाची सांभाळायला घेतली आणि सगळं गाव गळ्यात पडलं," असे ते म्हणत, आणि म्हणताना त्यांना बरे वाटे हे लपत नसे.

मामांचा जन्म उतारावर गेला. तलावाभोवती मातीचा उंच बांध आहे आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाला गवत आहे. हे गवत शोभेचे नव्हे. त्याची मुळे माती धरून ठेवतात. पण तेच गवत गुडघ्याएवढे वाढले की खाली पाणी कुठे झिरपते आहे ते दिसत नाही, आणि न दिसलेला झिरपा एखाद्या दिवशी बांधच घेऊन जातो. म्हणून बांधाची हजामत सतत करत राहावी लागते. ट्रॅक्टरच्या मागे कापणीचे यंत्र जोडायचे आणि पट्ट्यामागून पट्टा उतार साफ करत जायचा, हे मामांचे काम. उतार डोळ्यांनी कळत नाही, बुडाखालच्या सीटला कळतो, असे त्यांचे मत होते. ते चुकीचे नसावे, कारण इतक्या वर्षांत ट्रॅक्टर त्यांच्या हातून कधी कलंडला नव्हता.

तो कलंडलाच तर चालक खाली चिरडू नये म्हणून सीटच्या मागे एक जाड लोखंडी कमान उभी असते. कारखान्याच्या भाषेत तिला रोल बार म्हणतात. केंद्रात सगळे नुसते कमान म्हणत. कमान उभी असेल आणि चालकाने कमरेचा पट्टा बांधलेला असेल, तर यंत्र उलटले तरी माणूस कमानीच्या आडोशाला शाबूत राहतो. तिला मध्यावर बिजागरी असते. दोन्ही बाजूंच्या पिना काढल्या की वरचा भाग मागे दुमडतो, म्हणजे फांदीखालून किंवा ठेंगण्या दारातून जाता येते. पलीकडे गेल्यावर ती पुन्हा उभी करायची असते.

इथेच घोडे पेंड खात होते. केंद्राचे गॅरेज फार पूर्वी हातगाड्या ठेवायला बांधलेले. दार अगदी ठेंगणे. ते उंच करावे असे मामांनी किती वेळा लिहून दिले, आणि दर वेळी उत्तर आले की सध्या निकड नाही. निकड कशाला म्हणतात हे ज्यांना टेबलामागे बसून ठरवायचे असते, त्यांच्या डोक्यावर छत बरेच उंच असते. शेवटी मामांनी दाराशी जुळवून घेतले. कमान एकदा दुमडली ती दुमडलीच. रोज पिना काढा, रोज घाला, हा उपद्व्याप कोणी करायचा? पिना जागच्या जागी गंजल्या. मामा सवयीने मान थोडी खाली घालून दारातून आत शिरत, पाठीमागे कमान निजलेली असे, आणि यात कोणालाच काही वावगे वाटत नसे.

भाचीला वाटले. ती मामांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. ट्रॅक्टर चालवण्याचे रीतसर शिक्षण घेऊन मामांच्या घरी राहायला आली होती. परीक्षणाचा काळ संपेपर्यंत बांधाचा उतार पर्यवेक्षकांसमोर कापून दाखवला, की नोकरी कायम होणार होती. पहिल्या सकाळी तिने ट्रॅक्टरला एक फेरी मारली आणि मागे येऊन थांबली.

"मामा, ही कमान अशी का झोपलीय?"

"थकलीय बिचारी."

"मग उठवा तिला."

"अगं, दारात अडकते. आणि मी काय आजवर उलटलोय?"

"नाही उलटलात. पण त्यात कमानीचा काय हात? ती तर झोपली होती." भाचीने वाकून कमानीच्या पायाशी बसवलेली पत्र्याची पट्टी बोटाने पुसली. "हे वाचलंत कधी? 'वाकल्यास दुरुस्त करू नये, बदलावी.' तुम्ही तर गंजवून ठेवलीय. त्याबद्दल लिहायचं त्यांना सुचलंच नसेल."

"वाचलंय की," मामा म्हणाले. वाचलेले नव्हते.

"मी नाही बसायची अशी."

"मग काय चालत कापणार आहेस बांध?"

"कापीन चालत. हातापायांनी धड तरी राहीन."

मामा तेलाची बाटली आणि हातोडी आणायला गेले. पिना निघायला दुपार झाली. संध्याकाळी जेवताना त्यांनी हे सगळे मामींना रंगवून सांगितले. "पोरगी माझ्यावर गेलीय. कोणाच्या बापाचं ऐकत नाही."

"तुमच्यावर गेली असती तर कमान अजून झोपलेलीच असती," मामी म्हणाल्या.

त्या दिवसापासून नवा रिवाज सुरू झाला. दाराबाहेर पडले की कमान उभी करायची, परत आले की दाराआधी थांबून दुमडायची. भाचीला हे सहज जमले, कारण तिला जुनी सवयच नव्हती. मामांच्या अंगात मात्र जुने दार मुरलेले होते. पहिले काही दिवस ते आठवणीने थांबत. मग एकदा भाचीने मागून ओरडून थांबवले, आणि दोघे हसले.

जानेवारीतल्या त्या दुपारी ओरडायला भाची जवळ नव्हती. ती नळावर हात धूत होती. यंत्राच्या पात्यात तार अडकली होती, ती काढायला ट्रॅक्टर सावलीत घ्यावा म्हणून मामा तो गॅरेजकडे घेऊन आले. डोक्यात तार होती. दारापाशी त्यांनी नेहमीसारखी मान थोडी खाली घातली आणि नेहमीच्याच वेगाने आत शिरले.

आवाज असा झाला की पंपघरातली माणसे बाहेर आली. कमान दाराच्या माथ्यावर आदळली, मागची चाके तरीही रेटत राहिली आणि ट्रॅक्टरचे तोंड जमिनीवरून उचलले गेले. क्षणभर मामांना समोर भिंतीऐवजी छप्पर दिसले. पाय आपोआप क्लचवर गेला, पुढची चाके धाडकन खाली आली आणि दाराच्या माथ्याच्या विटा सीटच्या मागे कोसळल्या. मामांना खरचटलेही नव्हते. ते तसेच स्टिअरिंग धरून बसून राहिले, आणि धूळ बसल्यावर त्यांनी जे पहिल्यांदा पाहिले ते दार नव्हते. वर मान करून त्यांनी कमान पाहिली. तिची उजवी बाजू मागे वाकली होती. फार नाही; पण सरळ रेषेवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटणारे नव्हते.

बाकीच्यांनी दार पाहिले. माणसे गॅरेजच्या समोरून आली होती, आणि समोरून पाहणाऱ्याला दारच दिसत होते: माथ्याला भगदाड, चौकट एका बाजूला खचलेली, तुटका पत्रा लोंबकळणारा. पर्यवेक्षक धावत आले. आधी त्यांनी मामांना चाचपले, मग दार चाचपले, मग दाराचे चारी बाजूंनी फोटो काढले. शेवटी विचारायचे म्हणून विचारले, "ट्रॅक्टरला काही झालं नाही ना?"

"काही नाही," मामा म्हणाले. "रंग गेला थोडा."

हे वाक्य त्यांनी का उच्चारले, याचा त्यांनी नंतर पुष्कळ विचार केला. कमान वाकली असे सांगितले असते तर ती बदलावी लागली असती. आणि या केंद्रात कुठलीही वस्तू बदलायची म्हणजे काय, हे दाराच्या अनुभवावरून सांगायला नको. तोवर ट्रॅक्टर जागेवर उभा. भाचीचा परीक्षणाचा काळ तर चालूच होता. उतारावर हातच बसला नाही तर ती पर्यवेक्षकांना दाखवणार काय? असे सगळे त्यांनी स्वतःला पटवले, आणि ते पटण्यासारखेही होते. पण त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती ते स्वतःलासुद्धा पुरती सांगत नव्हते. भाची ओल्या हातांनी धावत येताना दिसली आणि त्यांना लाज वाटली. तिने हट्टाने उभी करायला लावलेली कमान त्यांनी महिन्याभरात वाकवून दाखवली होती.

मागच्या फाटकाबाहेर एका वेल्डरचे दुकान होते. त्याच दुपारी सगळे विटा उचलण्यात गुंतले असताना मामांनी ट्रॅक्टर हळूच मागच्या वाटेने तिकडे नेला. वेल्डरने कमानीकडे पाहून मान तिरकी केली.

"दाराला मारलीत म्हणे."

"सरळ होईल का?"

"लोखंड आहे मामा, माणूस नाही. तापवलं की ऐकतं."

"पण मग जोर राहतो का त्यात?"

"कसला जोर? कमानीला काय कुस्ती खेळायचीय? दिसायला सरळ पाहिजे ना? मग बसा तिकडे."

त्याने गॅसच्या ज्योतीने वाकलेला भाग लाल केला, साखळी लावून ओढला, मागे सरकून एक डोळा मिटून पाहिले आणि पुन्हा ओढला. पाणी मारले तेव्हा वाफ उठली. कमान सरळ झाली होती. मामांनी डब्यातला काळा रंग स्वतःच्या हाताने दिला. बिजागरीपासून खाली येता येता कुंचला पत्र्याच्या पट्टीपाशी आला आणि थांबला. मग त्यांनी पट्टीवरूनही रंग फिरवला. एकदा फिरवून अक्षरे दिसत होती, म्हणून दुसऱ्यांदा फिरवला.

दुसऱ्या दिवशी मामा शिव्या खायच्या तयारीने कामावर आले, आणि घडले भलतेच. चहाच्या वेळी पर्यवेक्षकांनी सगळ्यांसमोर त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मामा, तुम्ही लिहून लिहून थकलात तरी जे वर कोणी ऐकलं नाही, ते तुम्ही एका धडकेत करून घेतलंत. फोटो पाठवले आणि मंजुरी आली. दार आता चांगलं उंच होणार. कमान दुमडायची गरजच नाही."

"मामांना आता पंपघरावर सोडा," पहारेकरी म्हणाला. "तिथलं छप्परही गळतंय."

सगळे हसले. भाचीही हसली. मामांच्या हातातला चहा तसाच निवत गेला. माफी मागण्यासाठी त्यांनी वाक्ये जुळवून आणली होती. पण अपराधाचे कौतुक होत असताना माफी मागायची कोणाकडे? आणि दाराची माफी मिळाल्यावर कमानीचा विषय काढणे दिवसेंदिवस कठीण होत गेले. ते जेव्हा जेव्हा तोंड उघडून "त्या दिवशी जे झालं ना," असे सुरू करत, तेव्हा समोरचा हात हलवून म्हणे, "सोडा हो मामा, दारच होतं." इतक्या सहज मिळालेली क्षमा त्यांच्या अंगावर परक्याच्या कपड्यासारखी सैल बसली होती.

गवंडी आले, दार उंच झाले. कमान आता सदासर्वदा उभी राहू लागली. भाची तिच्याखाली बसू लागली.

आणि तिची भीड चेपली. पहिल्या आठवड्यात ती उतारावर जपून जात असे. आता एका संध्याकाळी जेवताना ती सहज म्हणाली, "आज वरच्या वळणावर मागचं चाक घसरलं थोडं. पण म्हटलं, पट्टा बांधलाय, डोक्यावर कमान आहे, होऊन होऊन काय होणार?"

मामांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"त्या वळणावर तू जायचं नाहीस," मामा म्हणाले.

"अहो, तिथंच तर सगळं आहे. सपाटीवर कोणीही कापतं."

"सांगितलं ना."

भाचीने मामींकडे पाहिले, मामींनी मामांकडे. पुढे बहिणीचा फोन आला तेव्हा मामांनी फोन भाचीकडे द्यायचा प्रयत्न केला, पण बहीण म्हणाली, "दादा, तुझ्याशीच बोलायचंय. तुला लागलं होतं म्हणे दारात, मला सांगितलंही नाहीस."

"काही लागलं नाही गं."

"आमची ती तुझ्याकडे आहे म्हणून मी इथं निवांत झोपते. नाहीतर त्या यंत्रावर पोरीला बसवायचं म्हणजे माझी छातीच होत नव्हती."

"हं," मामा म्हणाले. फोन ठेवून ते अंगणातल्या बाकावर जाऊन बसले. मामी दारात आल्या.

"अहो, दारापायी एवढं काय घेऊन बसलात? दार झालं की नवं."

"दार नाही गं."

"मग काय?"

त्यांनी मामींना सांगितले. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितले. ऐकून मामी एवढेच म्हणाल्या, "आणि तुम्ही तिला रोज त्याखाली बसवता."

"सांगतो तिला."

"कधी?"

सांगायचे म्हणजे नुसते "कमान वाकली होती" एवढे सांगणे नव्हते. तुझा भरवसा मी रंगवून ठेवला आणि रोज सकाळी तुला त्यात पट्ट्याने बांधले, असे सांगायचे होते. पट्ट्याचा विचार तर त्यांना सर्वांत जास्त छळे. कमान दुमडलेली असताना पट्टा कोणी बांधत नसे, निदान उडी मारता आली असती. आता कमान मोडली तर पट्टा भाचीला यंत्राखालीच धरून ठेवणार होता.

तेव्हा त्यांनी जे केले ते सांगताना त्यांची बाजू घेणे अवघड आहे. परीक्षण जवळ आले तेव्हा ते पर्यवेक्षकांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "साहेब, पोरगी अजून उतारावर कच्ची आहे. तिला यंदा सपाटीवरच राहू द्या." ट्रॅक्टर खोटा आहे हे सांगण्याऐवजी त्यांनी चालक खोटी ठरवली. खापर फोडायला त्यांना घरातलेच डोके सापडले.

पर्यवेक्षकांच्या खोलीच्या भिंती फळीच्या आहेत. संध्याकाळपर्यंत ते भाचीच्या कानावर गेले होते. घरी येताना ती मामांच्या बरोबर चालली नाही. फाटक उघडून आत आली आणि उभ्याउभ्याच तिने विचारले.

"मामा, मी कच्ची आहे?"

"तसं नाही गं."

"मग कसं? तुम्ही मला कापताना पाहता रोज. कुठं चुकले ते मला सांगायचं होतं. साहेबांना का?"

"तुझ्या काळजीपोटी..."

"काळजी होती तर तोंडावर बोलायचं." तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर मामांना सोपे गेले असते. "मी आईला सांगत होते, मामा बापासारखे पाठीशी आहेत. पाठीशी असलेला माणूस असा पाठीमागून बोलतो हे माहीत नव्हतं."

मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मामांकडे पाहत राहिल्या. खरे सांगायची हीच वेळ होती. मामांनी मान खाली घातली आणि ती वेळ गेली.

पर्यवेक्षक मात्र मामांच्या बोलण्यावर विसंबले नाहीत. ते मनाने वाईट नाहीत. त्यांचा दोष इतकाच की जे डोळ्यांपुढे मोडून पडलेले असते तेवढेच त्यांना मोडलेले वाटते. "मामा आहात, जीव तुटणारच तुमचा," ते म्हणाले. "पण तिला एकदा दाखवू दे. उद्या सकाळी वरचं वळण कापू द्या. जमलं तर जमलं."

दहा मार्चच्या सकाळी बांधाखाली पाचसहा माणसे जमली. भाची मामांशी एक अक्षर बोलली नव्हती. तिने तेल पाहिले, चाकांची हवा पाहिली, यंत्राची पाती पाहिली. मग चढून बसली, कमरेचा पट्टा ओढून घट्ट केला आणि मागे हात नेऊन कमानीवर दोनदा थाप मारली, जसे कोणी ओळखीच्या जनावराला थोपटते. इंजिन सुरू झाले.

मामा पुढच्या चाकासमोर जाऊन उभे राहिले.

"मामा, बाजूला व्हा."

"उतर."

"आता सगळ्यांसमोरही तेच का?"

"इंजिन बंद कर आणि उतर. कमान खोटी आहे."

इंजिन बंद झाल्यावर मामांनी सगळे सांगितले. दाराच्या धडकेत कमान वाकली होती. वेल्डरकडून तापवून ओढून घेतली. रंग मीच दिला. पट्टीवरही दिला. ती कच्ची नाही, साहेब. मी खोटे बोललो. वाक्ये त्यांनी अशी तुटक तुटक टाकली, जणू एकेक वीट खाली ठेवत होते.

भाचीने पट्टा सोडला. खाली उतरून तिने नखाने पट्टीवरचा रंग खरवडून पाहिला. "दाराला धडकलात त्या दिवसापासून?" तिने विचारले.

"हो."

"म्हणजे ते चाक घसरलं होतं तेव्हाही."

"हो."

तिने हातमोजे काढले, सीटवर ठेवले आणि ती बांधाच्या कडेने फाटकाकडे चालू लागली. मामांनी तिला हाक मारली नाही. कोणत्या तोंडाने मारणार होते?

पर्यवेक्षक अवघडले होते. त्यांनी कमानीभोवती एक फेरी मारली, एक डोळा मिटून पाहिले. "मामा, हे असं चारचौघांत कशाला? सरळ तर दिसतेय. मागवू नवीन, मी लिहितो वर. तोपर्यंत खालच्या उतारावर वापरायला काय हरकत आहे? दुपारी दुसऱ्या पाळीच्या चालकाला देतो. बांध वाढलाय किती, बघताय ना."

"साहेब, ती टिकणार नाही."

"कशावरून?"

याचा मामांकडे पुरावा नव्हता. कमान कदाचित टिकलीही असती. माणूस खाली असताना ती मोडेपर्यंत ते कोणालाच कळले नसते. पर्यवेक्षक कार्यालयाकडे निघून गेले. दुसऱ्या पाळीचा चालक दोन लहान मुलांचा बाप आहे, आणि रोज आल्याबरोबर काहीही न पाहता गाडीवर बसायची त्याला सवय आहे. मामांना ती सवय चांगली ठाऊक होती. कारण ती त्यांचीच होती.

ते गॅरेजमध्ये गेले. लोखंड कापायचे विजेचे यंत्र घेतले, लांब तार ओढत बाहेर आणली, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि कमान आधी उजव्या बाजूने, मग डाव्या बाजूने बिजागरीखाली कापली. ठिणग्या उडत होत्या तोवर कोणी जवळ आले नाही. वरचा भाग खाली पडला तेव्हा त्यांनी तो आणखी मधोमध कापला, म्हणजे पुन्हा जोडावा असे कोणाच्याही मनात येऊ नये. मग यंत्र जागेवर नेऊन ठेवले आणि पर्यवेक्षकांच्या खोलीत जाऊन काय केले ते सांगितले.

दार चुकून मोडले त्याचा कागद फलकावर लागला नाही. कमान लबाडीने सरळ केली त्याचाही नाही. तिसऱ्या गोष्टीचा कागद दुसऱ्याच दिवशी लागला. त्या शिक्षेबद्दल मामांनी कोणापाशी गाऱ्हाणे केलेले नाही. उलट ती कमी झाली असे त्यांना वाटते.

ट्रॅक्टर नव्या कमानीची वाट पाहत उंच दाराच्या गॅरेजमध्ये उभा आहे. बांधावरचे गवत आता खांद्याला अडकवायच्या, नायलॉनची तार गरगर फिरवून गवत कापणाऱ्या हातयंत्राने कापले जाते. मामा एका टोकाकडून कापत येतात आणि भाची दुसऱ्या टोकाकडून. तिचे परीक्षण पुढे ढकलले गेले आहे. ते होईल, कारण ती खरोखरच चांगली चालवते, आणि हे मामांनी आता लेखी दिले आहे. मधोमध दोघे समोरासमोर येतात तेव्हा ती विचारते, "तार संपली का?" किंवा "खालचा कोपरा झाला?" कामापुरते बोलते. घरी ती मामींजवळ बसून जेवते. बहिणीला मामांनी स्वतः फोन करून सगळे सांगितले. पलीकडून ती एवढेच म्हणाली, "ठेवते." त्यानंतर तिने फोन केलेला नाही. मामा रोज भाचीच्या आधी बांधावर पोहोचतात आणि जिथे उतार सर्वांत तीव्र आहे तो तुकडा आपल्याकडे घेतात. एकदा तिने यंत्र बंद करून तो तुकडा संपेपर्यंत वरून पाहिले होते. नजरेत काय होते ते मामांना लांबून दिसले नाही.

वाचकांकडे मागणी एकच आहे. तुमच्या गॅरेजमध्ये, शेतात, कारखान्यात ट्रॅक्टर असेल तर त्याची कमान जाऊन पाहा. ती कधी कशावर आदळली असेल, वाकली असेल, कोणी तापवून सरळ केली असेल, तर पुढच्या वेळी तिच्याखाली जो बसणार आहे त्याला तो बसण्याआधी सांगा. मग ती कापून टाका आणि नवी लावा.